विश्लेषण : रात्री घेतलेली दारू सकाळपर्यंत खरेच उतरते का?

पुणे-नाशिक महामार्गावर वारूळवाडी-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोच्या हंगामात पहाटेपासूनच मालाच्या गाड्यांची वर्दळ असते. अशा कोणत्याही रस्त्यावर 'रात्री घेतली होती, झोप झाली, आता उतरली' हे वाक्य सर्रास ऐकू येते. मात्र नशा उतरल्यासारखे वाटणे आणि रक्तातले अल्कोहोल संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक जिवावर बेतू शकतो.

दारू पोटात गेल्यावर काय होते?

अल्कोहोल पचवावे लागत नाही. थोडे जठरातून आणि बहुतांश लहान आतड्यातून ते थेट रक्तात उतरते. पोट रिकामे असेल तर हे झपाट्याने होते, जेवण झालेले असेल तर सावकाश. शरीरातल्या पाण्यात ते पसरते. महिलांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते.

ती बाहेर कशी पडते?

श्वास, लघवी आणि घामावाटे जेमतेम २ ते १० टक्के. ब्रेथ ॲनालायझर श्वासातला हाच अंश मोजतो. उरलेले काम यकृताचे. तिथली विकरे अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात, मग ॲसिटेटमध्ये रूपांतर करतात. शेवटी त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते.

अडचण वेगाची आहे. थोड्याशा दारूनेही ही विकरे पूर्ण क्षमतेने कामाला लागतात. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असावी, तसे. रांग कितीही लांब असली तरी तासाला तेवढ्याच गाड्या सुटणार. रक्तातली पातळी तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने (प्रति १०० मिलिलिटर) घटते. व्यक्तीनुसार हा वेग १० ते २० च्या दरम्यान असतो.

हिशेब कसा लागतो?

३० मिलिलिटर व्हिस्कीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. 'बिअर हलकी' हा समज फसवा आहे. ७ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ३६ ग्रॅम, म्हणजे साडेतीन छोट्या पेगइतके अल्कोहोल असते.

समजा, ७० किलो वजनाच्या पुरुषाने रात्री ९ ते १२ या वेळेत ४ मोठे पेग घेतले. मध्यरात्री त्याच्या रक्तातली पातळी १२० मिलिग्रॅमच्या आसपास असेल.

• पहाटे ४ वाजता : ६० मिलिग्रॅम
• सकाळी ६ वाजता : ३० मिलिग्रॅम
• सकाळी ८ वाजता : शून्याच्या जवळ

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे चारला स्टिअरिंगवर बसलेला हा चालक मर्यादेच्या दुप्पट पातळीवर असतो. त्याला मात्र ठणठणीत वाटते, कारण तोवर मेंदू नशेला काहीसा सरावलेला असतो. पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

लिंबूपाणी, ताक, कॉफीने फरक पडतो?

यकृताचा वेग यातल्या कशानेही वाढत नाही. कॉफीने झोप उडते, पण प्रतिक्रियेला लागणारा वेळ पूर्ववत होत नाही. थंड पाण्याच्या अंघोळीचेही तेच. उलटी झाली तरी रक्तात गेलेले अल्कोहोल परत येत नाही.

तपासणीला उशीर झाला तर?

हेच घड्याळ तपासातही निर्णायक ठरते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. अपघात अडीचच्या सुमारास घडला. अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना घेण्याची प्रक्रिया ससून रुग्णालयात सकाळी ११ च्या सुमारास झाली. नमुना बदलल्याचा पोलिसांचा आरोप असून, त्यात ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली होती. त्या आरोपाचा निवाडा न्यायालयात होईल. पण निव्वळ विज्ञान पाहिले, तर साडेआठ तासांत कोणाच्याही शरीरातून १२० मिलिग्रॅमच्या आसपासची पातळी नाहीशी होऊ शकते. अस्सल नमुनाही तेव्हा कोरा निघू शकतो. कलम १८५ खाली अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांत व्हावी, असे कायदा सांगतो, त्याचे महत्त्व इथे कळते.

मग गाडी कधी चालवावी?

पिणे सुरू केल्यापासून प्रत्येक छोट्या पेगमागे किमान दीड तास धरावा. आठ छोट्या पेगांना बारा तास. रात्री नऊला सुरुवात केली असेल, तर सकाळी नऊच्या आधी किल्ली हातात घेऊ नये. यकृताचा आजार असेल, तर हा हिशेबही अपुरा पडू शकतो. पहाटे माल घेऊन निघायचे असेल, तर आदल्या रात्री न पिणे किंवा दुसरा चालक ठरवणे, एवढेच दोन मार्ग उरतात.