बाजाराची यादी करताना आईचे ताट मोजा

महिनाअखेर जवळ आली की दवाखान्यात एक मागणी हमखास होते : "डॉक्टरसाहेब, हिला फार अशक्तपणा आलाय, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या." सोबतच्या भगिनीची पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग पांढुरका दिसतो. नखे फिकट असतात. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशात किलोभर मटकी सहज येते, असे मी म्हणालो की पुष्कळांना ती थट्टा वाटते.

ती थट्टा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. जंत, वारंवारची बाळंतपणे, पाळीतील जादा रक्तस्राव अशी त्याची अनेक कारणे आहेत. परंतु ताटात काय पडते हे त्यातले मोठे कारण असून ते आपल्या हातातले आहे. ताटात काय पडणार हे मात्र स्वयंपाकघरात नव्हे, तर आठवडी बाजारात आणि किराणा दुकानाच्या फळीसमोर ठरते.

यादी काय सांगते?

मी औषधाच्या चिठ्ठीआधी कधी कधी किराण्याची यादी मागतो. शिवणकाम करणाऱ्या एका भगिनींनी ती आणली. घरात चार माणसे आणि त्यांचे स्वतःचे हिमोग्लोबिन ८. यादीत चहा-साखर, बिस्किटांचे पुडे, फरसाण, मुलांसाठी 'शक्तिवर्धक' पावडरीचा डबा आणि आठवड्याला पाऊण किलो तूरडाळ. कडधान्य नावालाही नव्हते. "डाळी महाग झाल्या, आमटी पातळ करते," असे त्या म्हणाल्या. पातळ आमटीतली तळाची डाळ मुलांना आणि मालकांना. त्यांच्या वाट्याला वरचे पाणी आणि भाकरी. पैसा खर्च होतच होता, पण तो भलत्या ठिकाणी जात होता.

आता हिशेब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार प्रौढ माणसाला दिवसाला डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, मांस हे सर्व मिळून ८५ ग्रॅम हवे. म्हणजे आठवड्याला एका माणसाचे सहाशे ग्रॅम. दोन मोठी व दोन लहान माणसे असलेल्या घराला आठवड्याला दोन किलोच्या आसपास डाळ-कडधान्य लागते. पाऊण किलोत ते भागणार कसे?

पैसे आणायचे कोठून?

पहिली बचत डब्यातल्या पावडरीची. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत दिसली तर आपण महागाची साखर घेत आहोत असे समजावे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढण्यास सांगितले होते, कारण अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाची व्याख्याच नाही. नाचणीचे सत्त्व किंवा घरी दळलेले सातूचे पीठ मुलांना दुधातून द्यावे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

दुसरी बचत तेल-साखरेची. वरील संस्थेच्या मापाने तेल माणशी दिवसाला २७ ग्रॅम पुरे. चौघांच्या घरात महिन्याला तीन-सव्वातीन किलोपेक्षा जास्त तेल लागत असेल तर ते पोटात आणि कमरेवर साठते आहे. तेल महिन्याच्या सुरुवातीला मापून वेगळ्या बरणीत काढावे, म्हणजे हात आपोआप आखडतो. साखर माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत हवी. चहाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे, एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते.

तिसरी गोष्ट रेशनची. प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य दरमहा मोफत मिळते. १ जानेवारी २०२४ पासून ही सोय पाच वर्षांसाठी आहे. धान्याचे वाचलेले पैसे डाळीसाठी बाजूला काढावेत, ते फरसाणात जाऊ नयेत.

आठवडा कसा लावावा?

बाजाराच्या दिवसापासून मोजायला सुरुवात करावी. जे आधी नासते ते आधी खावे, एवढा एकच नियम. घरात फ्रीज नसला तरी तो पाळता येतो.

पहिला व दुसरा दिवस : मेथी, चाकवत, शेपू, शेवग्याचा पाला यांपैकी जी भाजी स्वस्त असेल ती. सोबत घट्ट वरण किंवा मुगाची डाळ.

तिसरा व चौथा दिवस : वांगी, गवार, दोडका. भाजीत शेंगदाण्याचे कूट, सोबत मटकीची उसळ. मटकी आदल्या दिवशी भिजवून मोड आणावेत, ती फुगून दुप्पट-तिप्पट होते.

पाचवा दिवस : कोबी किंवा लाल भोपळा आणि चवळीची आमटी.

सहावा दिवस : भाजी संपली तरी चिंता नको. पिठले-भाकरी, कांदा, किंवा अंड्याची करी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

सातवा दिवस : हुलग्याचे माडगे किंवा घेवड्याची आमटी. उरलेली भाकरी फोडणीला टाकावी.

आपल्या सातारा जिल्ह्याला यासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा, माण-खटावची बाजरी, मटकी व हुलगा, जावळी-पाटणच्या डोंगरातली नाचणी हे सारे आपल्याच बाजारात येते. मटकी व हुलग्यात शंभर ग्रॅमला आठ-नऊ मिलिग्रॅम लोह असते. बिटात ते एक मिलिग्रॅमही नसते. बीट लाल म्हणून रक्त वाढवते, ही समजूत खिशाला महाग पडते. गूळही मुख्यतः साखरच आहे. चवीला चालतो, औषध म्हणून नाही.

कडधान्यातले लोह अंगी लागण्यासाठी उसळीवर लिंबू पिळावे किंवा सोबत आवळा, पेरू खावा. चहा मात्र जेवणाआधी व नंतर तासभर टाळावा, तो लोह शोषू देत नाही. भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि शिजवलेले पाणी आमटीत घालावे.

कुठे काटकसर नको

बाजार उठताना वांगी, भोपळा स्वस्त मिळतो, तो जरूर घ्यावा. खवट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे मात्र फुकट मिळाले तरी नकोत, त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते. तेल सुटे घेऊ नये. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने साथ पसरली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. पुड्यावरील तारीख व सील पाहूनच तेल घ्यावे.

गोळ्या टाळू नयेत

हिमोग्लोबिन बरेच खाली गेले असेल तर ते केवळ आहाराने लवकर भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या लागतातच. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक गोळी घ्यावी लागते. शौच काळी होते म्हणून गोळ्या फेकू नयेत, ते अपेक्षितच असते. रक्तक्षयाचे कारणही तपासून घ्यावे. मधुमेही व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डाळींचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वर सांगितलेल्या भगिनींनी गोळ्या घेतल्या आणि यादीही बदलली. पावडरीचा डबा व फरसाण गेले, त्या जागी मटकी, चवळी, शेंगदाणे आले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर आले. खर्च पूर्वीइतकाच राहिला, असे त्यांच्या मालकांनीच हिशेब करून सांगितले.

दोन किलो डाळ घरी आली आणि बाईच्या वाट्याला पुन्हा वरचे पाणीच आले, तर मात्र सारा हिशेब फुकट. प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिने आणि २९ मिलिग्रॅम लोह लागते. लोहाची गरज पुरुषापेक्षा जास्तच असते. तेव्हा उसळ झाली की सर्वांच्या वाट्या एकदमच भरून ठेवाव्यात. तिची वाटीही त्याच वेळी भरावी, उरलेसुरले म्हणून नव्हे. हे काम घरातल्या पुरुषाने केले तर फारच उत्तम. येत्या बाजाराच्या आदल्या रात्री कागद घ्यावा आणि भाजीचे नाव लिहिण्याआधी वर घरातली माणसे किती ते लिहावे. यादी करणाऱ्या भगिनींनी त्यात स्वतःला विसरू नये.