नियम आधी की मोजणी?

अर्थशास्त्रातील विचारसंप्रदायांचा इतिहास बहुधा ॲडम स्मिथ, रिकार्डो, मार्क्स आणि केन्स अशा युरोपीय नावांच्या क्रमाने सांगितला जातो. मात्र या संप्रदायांना परस्परांपासून वेगळे करणारा पद्धतीचा प्रश्न पुण्यातही तितक्याच गांभीर्याने हाताळला गेला, हे मराठी वाचकासमोर क्वचितच येते. बिबवेवाडीला लागून असलेल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याचा भाव कोसळला, तर स्मिथ-रिकार्डो यांच्या अभिजात संप्रदायाचा अभ्यासक आवक आणि मागणी यांकडे पाहील, मार्क्सवादी अभ्यासक श्रम कोणाचे आणि भांडवल कोणाचे हे विचारील, तर संस्थावादी अभ्यासक, म्हणजे रूढी, कायदे आणि संघटना यांना व्यवहाराचा पाया मानणारा, आडत, आडत्याकडून घेतलेली उचल आणि बाजार समितीचे नियम तपासील.

मोजक्या गृहीतकांपासून तर्काने निष्कर्ष काढणे ही निगमन पद्धती, आणि अनेक नोंदी गोळा करून त्यांतून नियम शोधणे ही विगमन पद्धती. या दोहोंवरून ऑस्ट्रियाचा कार्ल मेंगर आणि जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा गुस्ताव श्मोलर यांच्यात १८८३ मध्ये मोठा वाद पेटला. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेही हेच वर्ष. त्यांना त्या वादाशी कर्तव्य नव्हते. परंतु सारा, सावकारी आणि कारकुनी यांच्या कात्रीत सापडलेल्या कुणब्याची स्थिती तपशिलाने मांडून त्यांनी जे साधले, ते सिद्धान्ताच्या अनेक ग्रंथांना साधलेले नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन पद्धतीचा हा प्रश्न थेट उपस्थित केला. मनुष्य केवळ स्वार्थाने वागतो, श्रम व भांडवल जिथे मोबदला अधिक तिथे सहज वाहत जातात आणि स्पर्धा सर्वत्र मोकळी असते, ही अभिजात संप्रदायाची गृहीतके. ज्या समाजात कुटुंब आणि जात व्यक्तीहून बलवान आहेत व रूढी स्पर्धेला आवर घालते, तिथे ती लागू पडत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रीडरिश लिस्ट आणि जर्मन ऐतिहासिक संप्रदाय यांचा आधार घेत त्यांनी उद्योगवाढीसाठी शासनाच्या साहाय्याचे समर्थन केले. खुल्या व्यापाराचे तत्त्व राज्यकर्त्यांना सोयीचे असताना त्या तत्त्वाच्या पायावरच बोट ठेवणे हे बौद्धिक धैर्याचे काम होते.

मोजणीच्या वाटेने जाताना पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि जमिनीचे तुकडे किती बारीक झाले आहेत हे आकड्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात वेगळी दिशा धरली. जमीन पुरेशी आहे की नाही हे कुटुंबाच्या गरजेवरून ठरवणे चूक असून जमीन, श्रम व अवजारे यांच्या परस्परप्रमाणावरून ते ठरवावे लागते, आणि शेतीवर साचलेले रिकामे मनुष्यबळ उद्योगांत गेल्याखेरीज तुकड्यांचा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांनी दाखवले. मोजणीला नेमकी संकल्पना मिळाली नाही तर आकडे मुके राहतात, हे या निबंधाइतके स्वच्छपणे क्वचितच मांडले गेले असेल.

पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पाहणीची परंपरा रुजवली. पुणे शहराची त्यांची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत निघाली. त्याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांकांचा निकष धरून भारतातील दारिद्र्य मोजले. तो निकष अन्नापुरताच होता, ही त्याची उणीव. तरीही दारिद्र्यरेषेच्या चर्चेला त्यामुळे तपासता येईल असा आधार मिळाला.

रूढी आणि संस्था यांना बाजाराच्या अभ्यासातून वगळता येत नाही, हा रानडे यांचा आग्रह मार्केट यार्डातील पोत्यांच्या थप्पीपाशीही खरा ठरतो. हमालीचा व्यवहार तिथे केवळ मागणी-पुरवठ्यावर सोडलेला नाही. त्यामागे १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि त्या कायद्याखालील मंडळांवर मालक, कामगार व शासन या तिघांचेही प्रतिनिधी असतात.