दुखणं खांद्याचं, मूळ पोटात

आईचा डावा खांदा दुखू लागला तेव्हा आम्ही दोष दिला विमानप्रवासातल्या जड बॅगांना. ‘तुमच्या अमेरिकेत डॉक्टर महाग,’ म्हणत ती बाम चोळत राहिली. तिसऱ्या दिवशी पोटात कळ येऊन तिला घेरी आली. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, प्लीहेच्या धमनीला ३ सेंटिमीटरचा फुगा आला होता आणि तो झिरपत होता. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की कळ खांद्यात उमटते. दोन्हींच्या नसा मानेतूनच निघतात. सहसा लक्षणं न देणारा हा दुर्मीळ विकार बायकांत अधिक, त्यातही बरीच बाळंतपणं झालेल्यांत. आईची चार झालेली. जांघेतून बारीक नळी घालून, तारेची वेटोळी बसवून डॉक्टरांनी फुगा बंद केला. यंदा फराळाला आई आहे. मुक्कामी आलेल्या आईवडिलांचं दुखणं ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नका.