जवळची माणसं, लांबचा रस्ता

दिवाळीचा शेवटचा दिवस बहिणीचा. पाडव्याला नवरेमंडळी घरच्या घरी पाटावर बसून ओवाळून घेतात. भाऊबीजेला मात्र भावाला घरातून उठावंच लागतं. पुराणातली कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. यमुनेने बोलावलं म्हणून यम तिच्या घरी जेवायला गेला आणि त्या दिवसाला यमद्वितीया हे नाव पडलं. ज्याच्याकडे एक दिवस सगळ्यांनाच जायचं आहे, तो स्वतः वर्षातून एकदा बहिणीकडे जातो, ही कल्पना मला फार आवडते. नात्यासाठी प्रवास करणं हे आपल्याकडे धर्मकर्तव्यच मानलं गेलं आहे.

आता हे कर्तव्य मोटारीने पार पडतं. भाऊबीजेच्या सकाळी घोडबंदरजवळच्या खाडीपुलावर जाऊन पाहा. अहमदाबादच्या रस्त्याला लागलेल्या गाड्यांच्या मागच्या काचेतून मिठाईचे खोके, फराळाचे डबे, साडीच्या दुकानाच्या पिशव्या आणि त्यांच्यावर डोकं टेकून झोपलेली मुलं दिसतात. त्या रांगेत आमचीही गाडी असते. थोरली बहीण बोईसरला. आम्ही बोरिवलीचे. मुलगा गाडी चालवतो, सून शेजारी बसून रस्ता सांगते, मी, आमची सौ. आणि नात मागे. मागे बसणाऱ्यांनीसुद्धा पट्टा लावायचा, हा सुनेचा नियम. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच रस्त्यावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. तेव्हापासून या नियमाला आमच्या घरात अपील नाही.

ताई लग्न होऊन बोईसरला गेली ती १९७८ साली. तेव्हा भाऊबीजेचा प्रवास म्हणजे विरारला लोकल सोडायची, डहाणूच्या शटलची वाट बघायची आणि बोईसर स्टेशनाबाहेर टांगा नाहीतर एस.टी. जे मिळेल ते पकडायचं. जाऊन लगेच परत येण्याचा प्रश्नच नसे. मुक्काम ठरलेला. आता मस्तान नाक्यावरून पालघरकडे वळायचं की पुढे चिल्हार फाट्यावरून थेट बोईसर गाठायचं, एवढाच प्रश्न असतो. आम्ही बहुतेक वेळा पालघरमार्गे जातो, कारण वाटेत वाघोबाची खिंड लागते. वारल्यांचा हा देव. वसुबारसेच्याच दिवशी इकडच्या पाड्यांवर वाघबारस साजरी होते. घाटातल्या देवळाशी गाड्या क्षणभर थांबतात, हात जोडले जातात, माकडं डब्यांकडे बघत बसतात.

पालघरला हुतात्मा चौक आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. नातीला मी त्यांच्या गावांची नावं सांगतो : सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघर. कुणी समुद्रकाठचा, कुणी बोईसरच्या बाजूचा. निरोप पायी फिरला, माणसं पायी जमली. खाडी, पुळण, वाडीतली पायवाट अशा वाटांनी ही गावं एकमेकांना बांधलेली होती आणि त्या वाटांवरून सोयरिकी व्हायच्या, तसाच मोर्चाही आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

नोकरीत असताना, नव्वदीच्या दशकात काही वर्षं याच पट्ट्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. बोईसरचं तोंडवळण तोवर पुरतं बदललेलं होतं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झालं. पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे, कापडाचे, औषधांचे, पोलादाचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर सगळ्या हिंदुस्थानातून माणसं आली. पगाराच्या आठवड्यात आमच्या काउंटरवर ड्राफ्ट काढणाऱ्यांची रांग लागायची. कुणाचा ड्राफ्ट केरळला, कुणाचा बिहारला, कुणाचा उत्तर प्रदेशात. कोणाची आई कुठे आहे, हे मला त्या अर्जांवरून कळायचं.

त्या रांगेत किनाऱ्यावरची माणसं मात्र सहसा दिसत नसत. त्यांचीही खाती होती. बोटीच्या इंजिनासाठी कर्ज घेणारे मच्छीमार होते, दागिन्यांचे साचे कोरणारे चिंचणीकडचे डायमेकर होते, वाडीवाले होते. पण ड्राफ्ट काढायची वेळ त्यांच्यावर क्वचित यायची. काढणार कुणाच्या नावाने? मामा शेजारच्या गावात, मावशी खाडीपलीकडे, लेक दोन गावं सोडून दिलेली. द्यायचं-घ्यायचं ते हातोहात. बांगड्यांचे पैसेही टोपलीतल्या मासळीखाली ठेवून पोचवले जायचे. नात्याला तिथे टपालखर्च नव्हता.

आणि मग काही गावांना हलावं लागलं. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची दोन गावं उठली आणि समुद्रापासून आत, बोईसरच्या बाजूला वसवली गेली. प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या त्या दोन अणुभट्ट्यांपैकी चौथी २००५ साली आणि तिसरी २००६ साली व्यापारी वीज देऊ लागली. गावांची नावं माणसांबरोबर नव्या जागी आली. मोबदल्यावरून, घरांवरून, नोकऱ्यांवरून बरीच वर्षं वाद झाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या वादाचा निवाडा करायला मी इथे बसलेलो नाही. बोरिवलीत पंखा लावून बसणाऱ्या माणसाने वीज नको म्हणण्यात काही अर्थही नाही.

पण हिशेबाची सवय जात नाही. जमीन संपादनाचा १८९४ सालचा जुना कायदा मोबदला कसा काढायचा? जमिनीची बाजारभावाने किंमत, तिच्यावरचं घर, विहीर, झाडं यांची किंमत आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर जमीन सक्तीने गेली म्हणून बाजारभावावर आणखी ३० टक्के दिलासा रक्कम. माड मोजला जायचा, आंबा मोजला जायचा. पण त्या तक्त्यात ‘भावाच्या घराचं अंतर’ असा रकाना नव्हता. २०१३ च्या नव्या कायद्याने ही दिलासा रक्कम १०० टक्के केली आणि प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल याचा आधी अभ्यास करायला सांगितलं, ही चांगलीच गोष्ट. ती दोन गावं मात्र त्याच्या कितीतरी आधी उठलेली होती.

हा रकाना मला दिसला तो गेल्या भाऊबीजेला. ताईने ओवाळलं, जेवणं झाली आणि ती म्हणाली, ‘यंदा ओवाळणी नको. गाडी घेऊन जरा एका मावशींना सोडून ये.’ मावशी मूळच्या पोफरणच्या. भाऊ किनाऱ्यावरच्या एका गावात, अंथरुणाला खिळलेला. तो येऊ शकत नाही म्हणून त्या जायच्या होत्या. सणाच्या दिवशी भरलेली रिक्षा मिळायची, बोईसरला ती बदलायची, पुढे पुन्हा थांबायचं आणि गुडघे तर दोन्ही गेलेले. पूर्वी, त्या सांगत होत्या, ओहोटी लागली की पुळणीवरून निघायच्या आणि डोक्यावरची टोपली खाली उतरवायच्या आत भावाचं अंगण यायचं. वर्षातून एकदा कसलं, आठवड्यातून दोनदा जाणं व्हायचं. आता भाऊबीज ते होळी असं होतं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नवीन घर पक्कं आहे, नळ दारात आहे, मुलगा कारखान्यात आहे, हेही त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितलं.

गाडीने आम्हाला वीस मिनिटं लागली. भावाने पडल्या पडल्या कपाळ पुढे केलं. परतताना नात म्हणाली, ‘आजोबा, आपण शंभर किलोमीटर आलो ते दर वर्षी येतो. आणि त्यांना इतकं जवळ जायचं होतं तरी जमत नव्हतं?’

मुलीने नेमका मुद्दा धरला होता. या जिल्ह्यात येणारा प्रत्येक नवा रस्ता अंतर कमी करायलाच येतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघून पालघर जिल्हा झाला. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत पोचली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गात बोईसरचं स्टेशन आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा तिला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. या सगळ्या कामांचं मोजमाप मुंबईपासून सुरू होतं : मुंबईहून इतक्या तासांत, इतक्या मिनिटांत. आमच्यासारख्यांना त्याचा फायदाच आहे. आम्ही सकाळी निघतो, ओवाळून घेतो, रात्री घरी. पण मोठा रस्ता जेव्हा गावातून जातो, तेव्हा समोरच्या आळीत जायला वळसा पडतो. रूळ वाढले की फाटक जाऊन पूल येतो. मोठ्या कामाला कुंपण आलं की पुळणीवरची वाट तिथेच संपते. लांबच्यांना गाव जवळ येतो आणि जवळच्यांना तो लांब जातो. हे दोन्ही एकाच कामामुळे, एकाच वेळी घडतं. मोठा रस्ता नकाशावर दिसतो. पायवाट मुळात नकाशावर नव्हतीच, तर ती गेल्याची नोंद कोण करणार?

सरकारने काय करावं, हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. माझं मागणं लहान आहे. नव्या वसाहती आणि जुनी किनारी गावं यांना जोडणारी एखादी एस.टी. सणाच्या दिवसांत वाढवली, तर शंभर घरांची भाऊबीज होईल. एखाद्या प्रकल्पाचा आराखडा गावकऱ्यांपुढे ठेवला जाईल, तेव्हा ‘आमच्या बायकांना माहेरी जायला कुठली वाट राहणार?’ हा प्रश्न कुणीतरी उभं राहून विचारावा आणि त्याला हसू नये. हा प्रश्न मेगावॅटइतकाच खरा आहे.

आणि आपण, गाडीवाले पाहुणे? आपण बहिणीच्या दारात गाडी लावतो आणि ती संध्याकाळपर्यंत उन्हात उभी असते. पोचल्यावर एकदा विचारावं, इथून जवळपास कुणाला कुणाकडे जायचंय का? थोडं पेट्रोल जाईल आणि दुपारची झोप जाईल, एवढंच. आमच्या ताईने यंदाची यादी आताच सांगून ठेवली आहे : पोफरणच्या मावशी, त्यांच्या शेजारच्या एक आजी आणि चिंचणीला माहेर असलेली एक नवी सून. गाडीत जागा हवी म्हणून नात आणि तिची आजी तेवढा वेळ बोईसरलाच थांबणार आहेत. फराळाचे डबे नातीच्या ताब्यात राहतील, एवढीच ताईला काळजी आहे.