लोकलमधला तास आणि रात्रीची जाग

भाईंदरहून चर्चगेटला पोचायला लोकलने तास-सव्वा तास लागतो आणि लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसतं. मीरा-भाईंदरमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी पुरुषांचं पाणी पिण्याचं वेळापत्रक या एका गोष्टीने ठरवून टाकलं आहे. सकाळी निघताना चहा चालेल, पाणी नको. दुपारी डब्यासोबत अर्धा ग्लास. परतीच्या गाडीआधी पुन्हा काही नाही. रात्री साडेआठ-नऊला घरी टेकलं की मात्र तहान उसळते. आल्या आल्या तांब्याभर पाणी, जेवणानंतर ताक, झोपताना गोळीबरोबर आणखी एक ग्लास. मग बारा, दोन, चार असं उठणं सुरू होतं आणि सकाळी बायकोने विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "वय झालं, चालायचंच."

वयाचा वाटा आहेच. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट ही ग्रंथी वीर्यातला काही द्रव तयार करते. तरुणपणी ती आक्रोडाएवढी असते. चाळिशीनंतर पुरुषी हार्मोनच्या प्रभावाने ती हळूहळू वाढते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, ऐंशीनंतर बहुतेकांत. मार्ग आवळला जातो, धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब गळतं, आणि जाऊन आल्यावरही मूत्राशय मोकळं वाटत नाही. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही. पण ग्रंथीचा आकार आणि होणारा त्रास यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. मोठी ग्रंथी असून रात्रभर शांत झोपणारे आहेत, आणि थोड्याशा वाढीने हैराण झालेलेही आहेत. वाढ थांबवणं फारसं आपल्या हातात नाही. त्रास किती व्हावा यातला बराच भाग मात्र दिवस कसा आखतो यावर आहे.

म्हणून पाणी कमी करू नका, त्याची वेळ बदला. इथल्या दमट उकाड्यात पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते, मुतखड्याचीही भीती वाढते. ऑफिसात पोचल्यापासून दुपारी चारपर्यंत बहुतेक पाणी पिऊन घ्यावं आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास घोटा-घोटावर भागवावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं. संध्याकाळचा दुसरा चहा आणि रात्रीची दारू, दोन्हींनी लघवी वाढते. स्टेशनवर जायच्या आधी शांतपणे जाऊन यावं, संपलंसं वाटल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. बसून केली तरी काही बिघडत नाही. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असा त्रास असणाऱ्यांचं मूत्राशय बसल्यावर जास्त रिकामं होतं असं दिसलं.

दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना, मग तो सोसायटीचा वॉचमन असो की दुकानातला माणूस, आणखी एक गोष्ट लागू पडते. संध्याकाळी पायांवर सूज येते. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. अशांनी संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून पडावं, जेवणातलं मीठ कमी करावं. सूज रोजचीच असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी.

सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते सर्दीच्या गोळीबद्दल. पावसाळ्यात नाक वाहू लागलं की मेडिकलवाल्याकडून गोळी मागून घेणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. अशा अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, सोबत फिनाइलएफ्रिन. पहिलं मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं, दुसरं मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतं. प्रोस्टेट आधीच वाढलेलं असेल तर लघवी साफ अडकू शकते. ओटीपोट फुगतं, वेदना असह्य होतात, नळी घालून लघवी काढावी लागते. हे दवाखाना उघडायची वाट पाहण्यासारखं दुखणं नाही, थेट रुग्णालयात जावं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने गोळी घेण्याआधी तसं सांगायलाच हवं.

चालण्याची बाजू भक्कम आहे. अमेरिकेतल्या हजारो पुरुषांच्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, आठवड्याला दोन-तीन तास चालणाऱ्यांत प्रोस्टेट वाढीचा त्रास सुमारे पाव हिश्शाने कमी आढळला. चालणाऱ्यांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात हे खरं, पण पोटाचा घेर, साखर आणि बद्धकोष्ठता या तिन्हींवर चालण्याचा उपयोग होतो, आणि ही तिन्ही लघवीच्या तक्रारी वाढवतात. जेसल पार्कच्या खाडीकाठी किंवा उत्तनच्या रस्त्यावर सकाळी जाणाऱ्यांनी हे खुशाल चालू ठेवावं. जेवणात पालेभाजी, कडधान्य, फळं वाढवावीत.

बाटलीतल्या गोळ्यांवर मात्र माझा भरवसा नाही. प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व देऊन ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर २००१ पासून एक मोठी चाचणी झाली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ च्या निष्कर्षांत तर नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्यावी: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्यात किती भरली. रात्रीचीच लघवी दिवसापेक्षा जास्त भरत असेल तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नाही, आणि तपासणीची दिशा बदलते. लघवीत रक्त, ताप, विनाकारण घटलेलं वजन, कंबरेच्या हाडांत सतत दुखणं, यातलं काही असेल तर सवयी सुधारत बसू नये.

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी पीएसए ही रक्ततपासणी पन्नाशीनंतर करावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. संसर्गाने आणि साध्या वाढीनेही हा आकडा चढतो. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झालेला असेल तर हे बोलणं पंचेचाळिशीच्या आत व्हायला हवं. पण घरात हा विषय निघतच नाही, वडिलांचं ऑपरेशन कशाचं झालं होतं हे मुलाला सांगितलेलंच नसतं. डॉक्टर जेव्हा विचारतात, "घरात कुणाला होता का?", तेव्हा तो "नाही" म्हणतो.