रात्रीचे किती वाजले होते?

मुलगा किंचाळत उठून बसला. आजोबांनी झोपेत आजींना बुक्का मारला. होस्टेलवरच्या मुलीला जाग आली तर छातीवर कुणीतरी बसलेलं, आणि हात हलेना. अशा तक्रारी घेऊन गेल्यावर झोपेच्या विकारांचा जाणकार डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो: हे झोप लागल्यावर तासा-दोन तासांत झालं, की पहाटे? घरच्यांना तो प्रश्न फालतू वाटतो. निदानाची सुरुवात मात्र पुष्कळदा तिथूनच होते, कारण रात्रीची झोप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी नसते. झोपेबद्दलचे बरेचसे गैरसमज ती एकसारखी आहे असं धरून चालल्यामुळे झालेले आहेत.

त्यातला सर्वांत जुना म्हणजे झोपलं की मेंदू बंद पडतो. शिकागो विद्यापीठातले युजीन ॲसेरिन्स्की यांनी आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला यंत्राच्या तारा लावून रात्र रात्र नोंदी घेतल्या. पापण्यांआड डोळे मधूनमधून झपाझप हलत होते आणि तेव्हा मेंदूच्या लहरी जवळजवळ जागेपणीसारख्या दिसत होत्या. आधी त्यांना यंत्रच बिघडलंय असं वाटलं. १९५३ साली त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथनिएल क्लाइटमन यांनी हा शोध प्रसिद्ध केला. आज त्या अवस्थेला ‘रेम’ म्हणतात. लक्षात राहणारी, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः याच अवस्थेतली.

रेमखेरीज झोपेचे तीन टप्पे आहेत. (जुन्या पुस्तकांत चार सापडतील, २००७ साली शेवटचे दोन एकत्र केले गेले.) पहिला काही मिनिटांचा, निव्वळ डुलकीचा. टीव्हीसमोर मान टाकलेले वडील ‘मी ऐकतोय’ म्हणतात, ते खोटं बोलत नसतात; या टप्प्यातून उठवलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे पटतच नाही. दुसऱ्या टप्प्यात आपली साधारण निम्मी रात्र जाते. तिसरा टप्पा खऱ्या गाढ झोपेचा: लहरी संथ आणि मोठ्या, माणसाला हलवून जागं करावं लागतं. मग रेम. हे आवर्तन साधारण ९० ते ११० मिनिटांचं असतं आणि रात्रीत ते चार-पाच वेळा होतं. पण प्रत्येक आवर्तनातली वाटणी वेगळी असते. बरीचशी गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उरकते आणि रेम पहाटेकडे वाढत जाते. म्हणजे ज्या साखरझोपेला आपण सर्वांत गाढ समजतो, ती स्वप्नांची झोप असते.

आता त्या मुलाकडे वळू. झोप लागून तास-दीड तास झाल्यावर तो किंचाळतो, डोळे उघडे असतात, आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. हे दुःस्वप्न नव्हे. गाढ झोपेतून मेंदूचा एक भाग अर्धवट जागा होतो, दुसरा झोपलेलाच राहतो. झोपेत चालणंही याच जातीचं. घरोघरी अशा वेळी दृष्ट काढतात. मीठ-मोहऱ्या शोधून, ओवाळून होईपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, प्रकार तेवढ्यात आपोआप शमतो आणि श्रेय मोहऱ्यांना मिळतं. झोपेत चालणाऱ्याला जागं केलं तर त्याला वेड लागतं किंवा त्याचा जीव जातो, हेही खरं नाही. तो गोंधळतो, कधी ढकलून देतो, म्हणून हाताला धरून अंथरुणाकडे वळवणं सोपं पडतं, इतकंच. खरा धोका जिन्याचा आणि गॅलरीच्या उघड्या दाराचा. बहुतेक मुलं वयात येईपर्यंत यातून बाहेर पडतात.

होस्टेलवरच्या मुलीचा प्रकार पहाटेचा आहे. रेममध्ये मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो. डोळे आणि श्वासाचा मुख्य पडदा तेवढे चालू राहतात. स्वप्नात पळताना आपण खाटेवरून उडी मारत नाही ते यामुळे. कधी जाग आधी येते आणि स्नायूंवरचा हा लगाम काही सेकंद ते एक-दोन मिनिटं उशिरा सुटतो. खोली दिसते, हात हलत नाही, स्वप्नाचा उरलेला तुकडा मुंजा होऊन छातीवर बसतो. जागरणं, कामाच्या बदलत्या पाळ्या, उताणं झोपणं यांनी हे वाढतं. एरवी ते निरुपद्रवी आहे. मात्र दिवसा बोलता बोलता झोप लागत असेल, खळखळून हसल्यावर गुडघे लटपटत असतील, तर नार्कोलेप्सी तपासायला हवी. त्या आजारात मेंदूला जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिन या रसायनाच्या पेशी नष्ट झालेल्या असतात.

आजोबांच्या बाबतीत उलटं घडतं: रेममध्ये पडायला हवा तो लगाम पडतच नाही, आणि स्वप्नातली मारामारी खरोखरची होते. १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या डॉक्टरांनी या विकाराचं पहिलं रीतसर वर्णन केलं. हा किस्सा हसण्यावारी नेऊ नये. अशा अनेक रुग्णांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं.

घोरण्याबद्दल मात्र आपल्याकडची समजूत अगदीच उफराटी आहे. ‘काय डाराडूर झोपलेत!’ असं आपण कौतुकाने म्हणतो. नुसतं घोरणं म्हणजे आजार नाही, हे खरं. पण घोरता घोरता आवाज थांबतो, काही क्षण शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं चालू असेल तर घसा आतून मिटतो आहे. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास अडला की ती एक घटना धरतात. तासाला पाच घटनांपासून आजाराची नोंद सुरू होते, १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र. तीव्र रुग्णाचा मेंदू रात्रभर दर दोन मिनिटांनी एकदा तरी धक्का खातो आणि गाढ टप्प्यात टिकतच नाही. सकाळी माणूस म्हणतो, मला तर पडल्या पडल्या झोप लागते! लागणारच, तो झोपेच्या कर्जात आहे. रक्तदाब औषधांना दाद देत नाही, गाडी चालवताना डोळा लागतो, सकाळी डोकं दुखतं, आणि याचा खरा साक्षीदार शेजारी झोपलेलं माणूस असतं. हा फक्त जाड्या पुरुषांचा आजार, हेही चूक. जबड्याच्या ठेवणीमुळे आशियाई लोकांत तो कमी वजनातही दिसतो. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर वाढतो आणि घोरण्याऐवजी थकवा किंवा निद्रानाशाच्या रूपात समोर येतो, म्हणून तो निसटतो. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेला उपाय आजही मुख्य आहे: नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र. ‘एकदा लावलं की त्याची सवय लागते’ म्हणून लोक ते टाळतात. चष्म्याचीही तशीच लागते.

‘एक पेग घेतला की छान झोप लागते.’ लागते लवकर. पण दारू रात्रीच्या पूर्वार्धात रेम दाबते, उत्तरार्धात झोपेचे तुकडे करते आणि घशाचे स्नायू आणखी ढिले पाडते.

झोप येत नाही म्हणून नऊलाच अंथरुणात पडून राहणं, हा सज्जन माणसांचा गैरसमज. आठवड्यात तीन रात्री, तीन महिने झोप येईनाशी झाली तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धत. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली तसंच सांगितलं. या पद्धतीचा एक नियम रुग्णांना क्रूर वाटतो: अंथरुणातला वेळ वाढवू नका, उलट कमी करा. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या ‘डीप स्लीप’च्या मिनिटांवर दिवसभर कुढणं, हाही तसाच गैरसमज. ते घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत.

‘लवकर निजे, लवकर उठे’ हा नियम सर्व वयांना सारखा लावणं, हीही चूकच. वयात येताना शरीराचं घड्याळ दीड-दोन तास पुढे सरकतं. सोळा वर्षांच्या पोराला अकराआधी झोप येत नाही, त्यात सगळा दोष मोबाइलचा नसतो. त्याला साडेपाचला उठवलं तर कापली जाते ती नेमकी पहाटेची रेम. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ सालीच मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं म्हटलं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरू नयेत असा आदेश काढला. तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी आहे.