तेंदूपानाच्या हंगामातील सुरक्षितता

कामाच्या जागेची सुरक्षितता म्हटली की कारखान्यातील शिरस्त्राण व यंत्राभोवतीची जाळी डोळ्यांपुढे येते. गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्याच्या चिचगड परिसरात मात्र उन्हाळ्यात कामाची जागा म्हणजे जंगल. १९४८ चा कारखाने अधिनियम तेथवर कधी पोहोचला नाही.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हे चढण्यापूर्वी तेंदूची पाने तोडावयाची, घरी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधावयाची व फळीवर मोजून द्यावयाची, असा हा क्रम. मजुरी पुडक्यांवर ठरते. साहजिकच जो तो शेजाऱ्याच्या आधी, एकटाच, अंधारात निघतो. झुडपे असतात कमरेइतकी. वाकून पाने तोडणारी व्यक्ती वाघ-बिबट्याला सावजासारखी भासू शकते. मोहफुलांच्या ओढीने अस्वलेही त्याच सुमारास फिरतात. हे ठाऊक नसलेला माणूस या भागात शोधूनही सापडणार नाही. म्हणूनच नुसत्या सूचनाफलकांनी फारसे साधत नाही. पहाटेची घाई अज्ञानातून नव्हे, मजुरीच्या रीतीतून येते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान हे गौण वनोपज मानले आहे. जेथे सामूहिक हक्क मान्य झाला आहे, तेथे निघण्याची वेळ व सोबतीचे गट ग्रामसभेलाच ठरविता येतात. परंतु पाऊलखुणा पाहून रिकाम्या हाती परतणाऱ्याचा रोज बुडतो, याचाही विचार व्हावयास हवा. पानांच्या उत्पन्नातून तो रोज भरून देण्याचा ठराव झाल्यास अशी खबर फळीवर वेळेत पोहोचेल आणि तो भाग त्या दिवसापुरता बंद ठेवता येईल.